बाजूला ठेवलेले आवाज

मारांग या कोळीगावचा देरामान मासे कानाने शोधायचा. पडावाची, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या होडीची, कड एका हाताने धरून पाण्यात उतरायचा, डोकं खाली घालून ऐकायचा आणि वर येऊन ढोमा माशांचा थवा कुठे गुरगुरतोय ते बोटाने दाखवायचा. मग जाळं पडायचं.

हे त्याला सासऱ्याने शिकवलं. सुरुवातीला नुसती तडतडच ऐकू यायची, गरम तेलात मोहरी पडल्यासारखी.

"मासा शोधू नकोस," सासरा म्हणायचा. "ती तडतड कोळंबीची, ती बाजूला ठेव. पडावावर आपटणारं पाणी बाजूला ठेव. तुझ्या छातीची धडधडसुद्धा. मग उरेल तो मासा."

साधायला वर्षं गेली, पण साधलं.

एका सकाळी सगळं बाजूला ठेवल्यावर मासा उरला, आणि आणखी काहीतरी. ठक. ठक ठक.

"कोणीतरी लाकूड ठोकतंय," तो वर येऊन म्हणाला.

पडाव चालवणारा तांडेल जुसोह देरामानला मानाने 'पोक', म्हणजे काका, म्हणायचा. तो वैतागला. "पोक, मासे धरायला आलोय की सुतार शोधायला? ढोमा आहे का नाही ते सांगा!"

"आहे, भरपूर आहे. पण आधी तिकडे चल."

"आणि थवा थांबेल होय आपल्यासाठी?"

"नाही थांबणार," म्हणून देरामानने पुन्हा डोकं पाण्यात घातलं.

जुसोहने शिव्या घालतच पडाव वळवला. थांबत, ऐकत ते पुढे गेले, तर समोर एक होडी उपडी तरंगत होती. तिच्याखाली कोंडलेल्या हवेत तोंड वर धरून एक माणूस जिवंत होता. हातात पाणी उपसायचं टमरेल.

थवा अर्थातच गेला होता. जाळं कोरडंच परतलं.

पुढे तो माणूस बायकोला घेऊन घरी आला, नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात घेऊन. "कुणी ऐकेल असं वाटलंच नव्हतं," तो म्हणाला. "अंधारात काहीतरी करत राहायचं, म्हणून ठोकत होतो."

देरामान हसला, पण हातातला घास त्याने परत ताटात ठेवला.

"काय झालं हो?" पाहुणे गेल्यावर बायकोने विचारलं.

"आपल्याच पडावाचं लाकूड वाजतंय असं समजून आजवर असा आवाज मी किती वेळा सोडून दिला असेल?"

"लाकूडच असेल ते."

"असेल."

तेव्हापासून मासे दाखवून झाले तरी तो लगेच वर चढायचा नाही. "आता काय, मासे जेवायला बसवतायत का?" जुसोह वरून ओरडायचा. देरामान हात वर करून त्याला थांबवायचा आणि पुन्हा एकदा खाली जाऊन ऐकून यायचा.