भुईवर घेतलेलं माणूस

सेलूत शोभाबाईचा शब्द डॉक्टरपेक्षा पक्का मानत. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर ती घरोघरच्या म्हाताऱ्यांचं बघायची. जखमा धुवायची, नळी बदलायची. शेवट जवळ आला की नाडी धरून सांगायची, "घ्या आता भुईवर." मग खाटेवरच्या माणसाला सारवलेल्या जागेवर उतरवायचं, तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घालायचं. इतक्या वर्षांत तिचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि त्याचा तिला जरा तोराही होता.

१९९८ च्या डिसेंबरात तो उतरला. धान्याचे व्यापारी अण्णाजी तिच्या सांगण्यावरून भुईवर आले आणि गेलेच नाहीत. एक दिवस झाला, दुसरा झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला. जमलेले पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. काहींची रजा संपत आली होती.

थंडी कडाक्याची. म्हाताऱ्याच्या माकडहाडावर लाल चट्टा उठला. आपल्या एका शब्दापायी हा माणूस जमिनीवर झिजतो आहे, हे शोभाबाईला सोसेना. ती त्यांच्या मुलाला म्हणाली, "अंकुश, उचल बापाले. खाटेवर घेऊ."

"भुईवर घेतलेलं मानूस वापस खाटेवर? घरावर संकट येते म्हन्ते, सिस्टर."

"माह्या डोक्शावर येऊ दे तुहं संकट. धर पायाकडून."

दोघं वाकले तसं अण्णाजींनी तिचं मनगट धरलं. "मले कोनी विचारत काऊन नाई?"

शोभाबाई खजील झाली. आजवर नाडी सगळ्यांची धरली, पण विचारलं ते नेहमी घरच्यांना. "सांगा अण्णाजी, तुमाले काय पाह्यजे?"

"हाडं दुखते, खोटं काऊन बोलू? पन मी खाटेवर होतो त आनंदी दारातच उभी राहे. सुनाईसमोर लाजे. आता बाजूले येऊन पडते. पन्नास वर्सात पह्यल्यांदा." त्यांनी दम घेतला. वर पाहत म्हणाले, "अन् इथून हे छप्पर केवढं उंच दिसते! मीच बांधलं, पन कधी पाह्यलंच नाई."

खरंच नवल वाटलं होतं त्यांना. त्यांची बायको आनंदीबाई पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली होती.

शोभाबाईने घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या काढायला लावल्या. चार पदरी अंथरूण केलं, चट्ट्याला मलम लावलं, आणि दवाखान्यातल्या सवयीने पाठीशी उशी देऊन अण्णाजींना कुशीवर वळवलं. त्यांचं तोंड दाराकडे झालं. भिंतीशी बसलेली आनंदीबाई पाठीमागे राहिली, हे शोभाबाईच्या ध्यानात आलं. मग उशी काढली, अंकुशला पुन्हा हात लावायला सांगितलं, आणि त्यांना आनंदीबाईकडे वळवलं.