शोभाची घरची वाट

म्हसावदच्या शाळेनं ज्यांची नावं काढून टाकली, ती पोरं जसोदाबाईंच्या ओसरीवर येत. नवरा गेल्यावर त्या धुळ्याला जाऊन शिक्षिका होऊन आल्या होत्या. न बोलणाऱ्या, हाक मारली तरी मान न वळवणाऱ्या पोरांना गाव येडी म्हणे. जसोदाबाई त्यांना कामं शिकवत. आधी पोराचा हात धरून काम करवून घेत, मग नुसतं मनगट धरत, मग बोट लावत, आणि एके दिवशी बोटही काढून घेत.

शोभा अशीच वेणी घालायला शिकली. आता एकटीनं घरी जायला शिकत होती. जसोदाबाईंनी वळणावळणावर लाल चिंधी बांधली होती. चिंधीला हात लावायचा आणि पुढं जायचं.

वेळ थोडा होता, अक्षय्य तृतीयेपर्यंतचा. शोभाच्या आजीनं, भिकुबाईनं बजावलं होतं, "आखाजीलोंग पोर एकली घर उनी ते ठीक. नही ते भगत पोटले डाग दी." तापल्या विळ्याचे तसले डाग जसोदाबाईंनी एका पोराच्या पोटावर पाहिले होते. ते पोर त्यातून उठलं नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी शोभा निघाली. जसोदाबाई लांबून मागं चालल्या. निंबापाशी ती भलत्याच बाजूला वळली. तिकडं मळ्यातल्या बाभळीला लाल चिंधी होती. पुढं आणखी एक. या चिंध्या जसोदाबाईंच्या नव्हत्या. शेवटची विहिरीवर, मोटेच्या चाकाला फडफडत होती, आणि काठावर चढून शोभा तिच्याकडं हात लांबवत होती.

हाक मारून उपयोग नव्हता. जसोदाबाई धावल्या, तिला कवेत धरून मागं ओढलं. शोभा किंचाळत सुटली. तो आवाज ऐकून भिकुबाई आली.

"मावशी, या चिंध्या कोनी बांध्यात?"

"मी! तू बाधा उतराले बांधस, मंग मी बी बांध्यात. पानीजवय बाधा लवकर उतरस."

"मी तिले रस्ता दखाडाले बांधस!"

"मंग ती घर काबर नही उनी? शाळा शिकेल बाई, आनी चिंध्या बांधत फिरस! पुरं झायं. भगत सांजले येवाव शे."

जसोदाबाईंनी रडणाऱ्या शोभाला आपल्या घरी नेलं. थोड्या वेळानं मागच्या दारानं तिची आई रंजनाबाई आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई, आज तिले घर नका धाडू. चुलामा इळा ठेयेल शे." आणि आली तशी निघून गेली.

जसोदाबाईंनी दोन्ही दारांना कड्या घातल्या. शोभाचं रडणं थांबलं होतं. ती उठली आणि दाराशी गेली. ओसरी सुटली की घर, हे तिच्या अंगात पुरतं मुरलं होतं; आजचं घर अजून आलं नव्हतं. जसोदाबाईंनी तिला मागं आणलं. ती परत गेली. पुन्हा आणलं, पुन्हा गेली. शेवटी जसोदाबाई दाराला पाठ लावून बसल्या.

सांज झाली होती; बाहेर भगताला घेऊन माणसं जमू लागली होती. जसोदाबाईंच्या खांद्यावरून शोभाचा हात कडीकडं आला. कडी काढायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.