केतकीचं विमान फारच स्वच्छ होतं

गाडीतून आधी कोण उतरलं असेल? कुत्रा… सुनेच्या भावाचा, मंदारचा, वासराएवढा. त्याच्यामागून आमच्या विहीणबाई, हातात लाडवांचा डबा. शिकागोपासून त्या कुत्र्याला टेकून आल्या बिचाऱ्या, साडीभर केस.

हे परवा रविवारी, आमच्या ट्रॉय गावातल्या घरी. केतकी म्हणजे माझी सून, ऑफिस संपलं की बेसमेंटमध्ये बसून विमान करायची… खेळण्यातलं नव्हे हो. खोक्यात नुसते प्लास्टिकचे बारके तुकडे येतात. ते चिमट्यानं धरायचे, घासायचे, चिकटवायचे, मग रंग. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण जन्मभर डाळ-तांदूळ निवडलेत, त्यामुळे नजर कशाला म्हणतात ते मला कळतं.

केतकीचे वडील एअरफोर्समध्ये मेकॅनिक होते. गेल्या वर्षी गेले. ते ज्याची इंजिनं दुरुस्त करायचे तेच हे विमान, आईला दाखवायला करत होती. चंदेरी रंग असा दिलेला की ब्रश कुठून फिरला ते शोधून सापडू नये… मला सारखी विचारायची, "आई, तिला आवडेल ना? की नुसती रडेल?"

चहा झाला. तेवढ्यात कुत्र्यानं दोन लाडू खाल्ले, ते जाऊ दे. केतकीनं विमान आणून टेबलावर ठेवलं. विहीणबाईंनी चष्मा पुसला, वाकल्या, बघतच राहिल्या… ना रडल्या, ना हसल्या. केतकीचा चेहरा एवढासा झाला.

मग म्हणाल्या, "फारच स्वच्छ आहे गं."

मला रागच आला. पोरीनं एवढे डोळे फोडले आणि हे काय बोलणं…

पण त्यांचं बोट इंजिनाखाली गेलं होतं. "इथून तेल गळायचं. यांच्या शर्टाचा उजवा खांदा कायम काळा. सोडा लावून लावून माझे हात सोलले, डाग काही निघाला नाही. मी ते विमान कधी जवळून पाहिलंसुद्धा नाही… पण तेल कुठं पडायचं ते मला विचारा."

केतकी तडक बेसमेंटमध्ये गेली. काळा रंग पातळ करून आणला आणि ब्रश आईच्याच हातात दिला.

"अगं, मला कुठलं जमतंय? एवढं छान केलंयस, बिघडेल."

"शर्ट आठव आणि ओढ."

त्यांनी ओढला. इंजिनापासून मागे, थोडा वाकडाच ओघळ. इतका वेळ ते विमान दुकानातल्या काचेमागचं वाटत होतं… आता वाटलं, कुणीतरी हात पुसत नुकतंच त्याच्याखालून बाहेर आलंय. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मग दोघीही रडल्या. मंदार उगाचच कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला.

माणूस गेल्यावर त्याचं काय काय कुणाकुणाकडे राहतं… लेकीकडे कसबी हात, बायकोकडे डाग. दोन्ही एका टेबलावर आलेले मला बघायला मिळाले, देवाची कृपा.

निघताना विहीणबाई दारातून म्हणाल्या, "पहिला ओघळ नीट वाळू दे, दुसऱ्या इंजिनाला हात लावू नकोस, तिथला ओघळ मीच काढणार." येत्या शनिवारी येतायत.