बाप-लेकाची बिअर

मेक्सिकोच्या बिअरवर अधिकारवाणीनं बोलणारा माणूस अख्ख्या पाटण तालुक्यात एकच असेल, आणि तो माझा नवरा आहे. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं रिटायर फौजींची बैठक भरते. तिथं कुणी नुसतं "काय सुभेदार, तिकडं काय न्यारं बघितलं?" म्हणायचा अवकाश, हे मिशीवरनं हात फिरवून सुरू होतात. एक काळी असते, ती काकवीसारखी जिभेवर रेंगाळते. एक तांबूस असते, ती जेवणाबरोबर बरी. एक पिवळीधमक असते, ती उन्हातून आल्यावर अमृत आणि सावलीत बसून प्याली तर नुसतं पाणी. ऐकणारे माना डोलावतात. यातली एकही बाटली त्यांच्या नशिबात नाही, तरी "मंग काळीच बरी म्हना की!" असा निकालही देतात. मी दळण घेऊन येता-जाता ऐकते आणि मनात म्हणते, सांगा, सांगा! तिथं खरं काय घडलं ते मात्र कुणाला सांगू नका.

म्हणून मीच सांगते.

ह्यांचं नाव लालासाहेब, पण घरीदारी सगळे सुभेदारच म्हणतात, मीसुद्धा. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. परत आल्यावर ऊस लावला, आल्याचं पीक घेतलं, बांधावर नारळ लावले. माणूस शिस्तीचा. टॉवेलाची घडी चौकोनीच पाहिजे, चहा गरमच पाहिजे, आणि पाहुण्याला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला जायचंच. रागाचा नाही, व्यसनाचा नाही. सणासुदीला, थंडीला, कँटीनमधून आणलेलं दोन घोट घेतात तेवढंच. पण लेकाशी बोलायचं म्हटलं की तोंडात मिठाची गुळणी. बैल होते तवा बैलांशी बोलायचे, आता ट्रॅक्टरशी बोलतात. पोटच्या पोराशी नाही.

आणि पोरगंही तसलंच. बाप बाहेरच्या खोलीत, लेक आतल्या खोलीत, मधल्या दारात मी. "त्येला म्हनावं, जेवून घे." "आबांना सांग, मी जेवलोय." चार हातांवर बसलेली ही दोन माणसं! मी जन्माची तासगावकडची, फटकळ तोंडाची. आयुष्य बालवाडीत गेलं. पोरांची भांडणं सोडवून घरी यायचं आणि इथं ह्या दोघांचं टपालखातं सांभाळायचं.

त्यात आमच्यातली एक रीत. लेकानं बापाच्या म्होरं पेला धरायचा नाही. बाप घेतो हे लेकाला ठाऊक, लेक घेतो हे बापाला ठाऊक, भावकीत तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण समोरासमोर नाही म्हणजे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लग्नकार्यात एका मांडवात बाप पुढच्या अंगाला आणि लेक मागच्या अंगाला बसलेला मी बघितलाय. ह्याला आमच्याकडं मान राखणं म्हणतात.

आमचा वीरधवल मेक्सिकोत ग्वादालाहारा नावाच्या शहरात नोकरीला आहे. सून राजेश्वरीही तिथंच कामाला जाते. बरीच वर्षं झाली. इकडं आमच्या घराच्या स्लॅबवर सळया उभ्या आहेत, वीरधवल परत आला की वर दोन खोल्या काढायच्या म्हणून. गवंडी दर उन्हाळ्यात विचारतो, सुभेदार दर उन्हाळ्यात "बघू" म्हणतात. मागल्या हिवाळ्यात पोरानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. विमानात पट्टा लावता लावता सुभेदार मला हळूच म्हणाले, "एवढं एक इचारून यायचं. त्यो परत येनार हाय का न्हाई."

"विचारा की मग."

"तूच इचार. तू आई हैस."

"आजवरचे सगळे निरोप पोचवले," मी म्हटलं, "हा नाही पोचवणार. ह्यात ध चा मा झाला तर जन्मभर खापर माझ्या डोक्यावर. तुमचं तुम्ही विचारा."

सुभेदारांनी पट्टा आणखी आवळला.

तिथं पोचल्यावर चार दिवस झाले नाहीत तोवर राजेश्वरीनं भाजी निवडता निवडता मला सांगून टाकलं. "आई, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय. ह्यांना आबांना सांगायचा धीर होत नाही." मी पोरीचा हात धरला. राग कुणावर धरायचा? दुसऱ्या दिवशी वीरधवल माझ्यामागं लागला, "आई, तूच सांग ना आबांना." त्यालाही तेच उत्तर दिलं. बापाला विचारायचं धाडस नाही, लेकाला सांगायचं धाडस नाही, आणि ओझं वाहायला दोघांनाही मीच पाहिजे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग वीरधवलनं सुट्टी काढून आम्हाला गाडीनं समुद्राकडं फिरायला न्यायचं ठरवलं. राजेश्वरीला सुट्टी मिळाली नाही. रस्त्यानं घायपाताची शेतंच्या शेतं. आपल्याकडं जो घायपात बांधाला गुरं आडवायला लावतात, तो तिथं ओळीनं लावलेला, आणि त्याची दारू काढतात. सुभेदार म्हणाले, "आयला, आमी येडंच की!" पुढं तेपिक म्हणून गाव लागलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. सुभेदारांनी गाडी थांबवायला लावली. उतरून एका कांडीवरनं हात फिरवला, पेरं मोजली, आणि परत येऊन बसले. मला कळलं त्यांच्या मनात काय आलं ते: आपल्या माघारी घरच्या उसाकडं कोण बघणार?

बिअरचं प्रकरण पहिल्याच मुक्कामाला सुरू झालं. हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्या होत्या. दिवेलागणीला वीरधवलनं कागदी पिशवीत गुंडाळलेली बाटली माझ्या हातात ठेवली. "आबांना दे. हिकडची हाय म्हणावं." आणि आपली बाटली घेऊन आपल्या खोलीत पळाला. सुभेदारांनी ती उजेडात धरून बघितली, वास घेतला, एक घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, "त्येला इचार, हिला भाजल्यावानी वास का येतोय?"

मी उठले, शेजारचं दार वाजवलं. वीरधवल दार किलकिलं करून म्हणाला, "आबांना सांग, ही काळी हाय. हिच्यात सातू जास्त भाजत्यात."

मी परत येऊन सांगितलं. "तरीच!" सुभेदार खूश. "त्येला म्हनावं, चांगली हाय, पर दोन घोटांनी पोट भरतंय."

दुसऱ्या गावी तांबूस आली. ती ह्यांना आवडली. "कालच्या परीस हलकी, पर चव हाय. त्येला इचार, त्येला कुठली आवडती?" मी पुन्हा शेजारी. "आबांना सांग, मलाबी हीच." हे ऐकून सुभेदारांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला हसू पण आलं आणि भडभडून पण आलं. लेकाला काय आवडतं हे ह्या माणसाला आज कळत होतं, तेही भिंतीपलीकडून. पोराला कार्ल्याची भाजी आवडते का वांग्याची, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो पाळण्यात होता तवा हे सीमेवर, तो शाळेत होता तवा हे सीमेवर, आणि हे घरी आले तवा तो पुण्याला हॉस्टेलवर.

मी मात्र त्या बिअरीपायी रोज संध्याकाळी येरझाऱ्या घालून घालून थकले. त्या मेल्या घोटाची चव कशी असते ते मला ठाऊक नाही, पण कडू किती, गोड किती, फेस किती टिकतो ते सगळं तोंडपाठ झालं. बोलण्यासारखं जे होतं ते सोडून दोघं सगळं बोलत होते. खरा प्रश्न जागच्या जागी आणि परतीचं विमान तोंडावर आलेलं.

शेवटचा मुक्काम मासातलान, समुद्राकाठचं गाव. भर दुपारी पोचलो. खोल्या अजून तयार नव्हत्या. वीरधवलनं दोन दिवस बापाची उत्सुकता चाळवून ठेवली होती: "आबांना सांग, एक पिवळी हाय, ती त्याच गावात बनायला लागली. तिच्या गावातच प्यावी." आता गाव आलं, ऊन आलं, तहान आली, समोर माडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं हॉटेल आलं, खोल्या तेवढ्या नाहीत. बाप इकडं समुद्राकडं बघतोय, लेक तिकडं चप्पल बघतोय. "नगं, ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "हो, संध्याकाळी बघू," वीरधवल म्हणाला. घामानं निथळत दोघं उभे.

माझं डोकं फिरलं. "अवं, बसा की मग पाठीला पाठ लावून!" मी ओरडले. "मान राखायचा न्हवं? तोंडं दिसायला नगंत न्हवं? मग लावा पाठी! हाय काय आन् न्हाय काय!"

मी रागानं बोलले होते. पण त्या दोघांनी एकमेकांकडं न बघता मान हलवली, आणि खरोखर दोन टेबलं धरून, खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना टेकवून बसले! मी कपाळावर हात मारला आणि मधोमध, बाजूला खुर्ची ओढली. मला दोघांची तोंडं दिसत होती, त्यांना एकमेकांचं नाही. पांढऱ्या मिशांचा वेटर आला. त्याला वाटलं, भांडण झालंय. त्यानं गुपचूप दोन टेबलांवर दोन बाटल्या ठेवल्या, चिरलेली लिंबं ठेवली, आणि माझ्यापुढं तळलेला मासा.

"त्येला इचार, लिंबू कशाला?"

"आबांना सांग, वरनं पिळायचं. चिमूटभर मीठ टाकायचं."

"म्हंजी रसवंतीतल्या रसागत? त्येला म्हनावं—"

"मला काही म्हणावं नका," मी म्हटलं. "माशात काटे आहेत. मी आता जेवणार. टपाल बंद."

आणि खरंच तोंड घासानं भरून बसले.

सुभेदारांनी लिंबू पिळलं. एक घोट घेतला. दुसरा घेतला. "झकास हाय," ते समुद्राला म्हणाले.

"उन्हातच बरी लागते, आबा," मागून आवाज आला.

"काळीपुढं न्हाई टिकत पर."

"काळी थंडीतली. हिची तिची बरोबरी न्हाई."

"तेबी खरंच."

मी घास चावायची थांबले. माझ्या जन्मात हे दोघं एवढं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. सुभेदारांनी बाटली खाली ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवले, ताठ बसले.

"वीरधवल, परत यायचं मनात हाय का न्हाई?"

पोराचं तोंड माझ्या बाजूनं दिसत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, लहानपणी पडल्यावर बघायचा तसं. मी मान खाली घातली. हा निरोप मी पोचवणार नव्हते.

"न्हाई, आबा," तो म्हणाला. "आमी हितंच ऱ्हायचं ठरिवलंय."

सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा माणूस उठून चालू लागेल. मी अर्धी उठलेही. पण ते बसून राहिले. लाटा येत होत्या, जात होत्या. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात वर नेला नाही. मागच्याला कळेल म्हणून.

"माझा बा," ते म्हणाले, "मी सुट्टी संपवून निघालो की गोठ्यात जाऊन बसायचा. अठ्ठावीस वरसं. एकदाबी म्हनाला न्हाई, लाला, आता कवा येनार. मी गाडीत बसून वाटभर तेच म्हनायचो, ह्येला मी आलो काय न् गेलो काय, सारखंच. म्हातारा गेला तरी माझ्या मनातनं ते गेलं न्हाई." त्यांनी लिंबाची फोड बाजूला सारली. "तू परत ये म्हनून न्हाई रं इचारलं. बानं कदी इचारलंच न्हाई, असं तुला वाटू नगं म्हनून इचारलं."

वीरधवल दोन्ही हातांत तोंड धरून बसला. खांदे हलत होते, आणि पाठ पाठीला लागलेली, त्यामुळं बापाला ते न बघताच कळत होतं. तो वेटर लांब उभा राहून आमच्याकडं बघत होता. त्याला भाषा कळत नव्हती, तरी त्यानं आपली टोपी काढली.

मग पोरगं उठलं. खुर्ची फिरवली आणि बापाच्या टेबलाशी, बापाच्या समोर येऊन बसलं. डोळे पुसले. बिअरची बाटली मात्र मागच्या टेबलावरच ठेवून आलं होतं.

सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. मग मागच्या टेबलाकडं हनुवटी केली.

"गरम हुईल ती," ते म्हणाले. "आन की हिकडं."