पडद्याला न विचारता

भूकंपात किल्लारीकडचं आमचं घर पडलं. पत्र्याच्या शेडमधे राहत होतो, तेव्हा नव्या घरांसाठी सरकारी यादी करायला एकजण आला. आत किती माणसं आहेत हे न विचारताच त्यानं दारातून कागदावर चार लिहिले. आम्ही सात होतो. पुढं घर मिळालं ते चौघांपुरतंच. ही गोष्ट मी जन्मभर लोकांना ऐकवली. आणि मग मीच तसं केलं.

लातूरला येऊन मी आधी शिवणकाम केलं. मग एका टायपिंगच्या दुकानात झाडता-पुसता कॉम्प्युटर उघडून बघायला शिकले. कोर्स-बिर्स काही नाही. तोवर गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात यायला लागली होती. एका क्लासच्या टेस्टच्या हॉलमधे चाळीस कॉम्प्युटर होते, ते क्लासच्या सरांनी माझ्या हवाली केले. पोरी मला मावशी म्हणायच्या, सरही. पुन्हा शिलाई मशीनवर बसायचं नाही, एवढंच माझ्या मनात होतं.

एखादा पडदा फुटला की सर भंगारातलं पॅनल आणून द्यायचे. आता पॅनलमधे एक बारकी चिप असते, तिच्यात त्याची कुंडली: रुंदी किती, उंची किती, सेकंदाला किती वेळा चित्र बदलायचं. कॉम्प्युटर सुरू होताना ग्राफिक्स ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम तिला विचारतो आणि त्याप्रमाणं चित्र पाठवतो. भंगारातल्या काही पॅनलांची चिप कोरी, तर काहींत दुसऱ्याच पॅनलची माहिती. म्हणून मी ड्रायव्हरच्या फाइलमधे आकडे हातानं लिहिले. म्हणजे विचारायचंच नाही, मी सांगते तेच खरं धरायचं. चित्र लख्ख आलं.

खराब पॅनल होती सहाच. पण सहा ठिकाणी वेगळं कोण लिहीत बसतं? तीच फाइल मी चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटरवर चढवली. सगळे पडदे एकाच मापाचे, म्हणून वर्ष-दोन वर्षं काही बिघडलं नाही.

मग एका सुट्टीत सरांनी बारा पडदे नवे, मोठे बसवून घेतले. मला कुणी सांगितलं नाही. टेस्टच्या दिवशी सकाळी पोरी येऊन बसल्या आणि नव्या पडद्यांच्या दोन्ही रांगा काळ्या.

नवे पडदे बसवायला सरांनी पुण्याहून आणलेला इंजिनिअर तिथंच होता. त्यानं फाइल उघडली अन् हसला.

"मावशी, हे आकडे कुणी लिहिले?"

"मीच. जुनी पॅनल खोटं बोलतात, म्हणून."

"अहो, आता सगळं आपोआप कळतं त्याला. तुमच्या हुकुमाची गरज न्हाई."

"सहा जागी तरी राहू द्या," मी म्हणाले. "नाहीतर ते सहा बंद पडतील."

सर पोरींसमोरच बोलले, "बाई, लई झालं. शिकलेल्या माणसाला काम करू द्या."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा बाई म्हटलं. इंजिनिअरनं चाळीस ठिकाणच्या ओळी पुसल्या. नवे बारा सुरू झाले, जुने सहा बंद पडले. सर म्हणाले, त्या सहांत मीच मुद्दाम काहीतरी करून ठेवलं. महिनाअखेरीला मला यायचं नाही म्हणून सांगितलं.

मी कुणाला काय सांगणार होते? बारा पडदे माझ्यामुळंच काळे झाले होते, ते खरंच होतं. न विचारता लिहिलं होतं मी.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. मी मशीनवर ब्लाउज शिवत होते.

"बाई, त्या सहांचे आकडे काय होते हो?"

पोरींची टेस्ट होती. मी सांगितले, तोंडपाठ होते. रुंदी तेराशे सहासष्ट, उंची सातशे अडुसष्ट, सेकंदाला साठ. त्यांना नीट ऐकू येईना म्हणून दुसऱ्यांदा सांगितले. तिसऱ्यांदा त्यांनी फोन इंजिनिअरकडं दिला.

"हाव, बोला मावशी," तो म्हणाला. "लिहून घेतो."