चुणचुणले की लागू पडले

चौदा महिने एकच उत्तर ऐकूनही थोरलीला शंका कशी आली नाही, या प्रश्नाचे उत्तर हे टिपण लिहूनही हाती लागलेले नाही.

थोरली तेलवाली. मागच्या खोलीत, धुण्याच्या दगडाशेजारी, तिचा हातघाणा. खाजेला कडुनिंब, इसबाला करंज, भेगाळलेल्या टाचांना एरंडेल, पांढऱ्या डागांना बावची. बावचीबाबत तिचा नियम पक्का होता: तेल लावून डाग उन्हात धरायचा, चुणचुणले की लागू पडले. गिऱ्हाईक कळवळले की तिचा चेहरा खुले.

धाकटी बहीण पुढच्या खोलीत शिवणकाम करी. तिच्या उजव्या कोपराखाली फिकट चट्टा उठला, तेव्हा थोरलीने बावचीची बाटली आपणहून उतरवली. पिकते तिथे विकत नाही, हे निदान आपल्या घरात तरी खोटे ठरावे, अशी तिची हौस.

"चुणचुणतंय का गं?"

"छे. तेलात पाणी तर घालत नाहीस ना, ताई?"

"जीभ आवर. तुझी कातडीच निबर."

तेल सौम्य पडते, असा निष्कर्ष थोरलीने काढला. त्यात मिसळायचे तिळाचे तेल ती कमी करत गेली. शेवटी निव्वळ बावची. एका दुपारी चट्ट्यावर टम्म फोड आला. तेल अखेर चावले, असे तिने मानले. धाकटी बाही शिवतच होती.

"करंगळीला हल्ली सुईसुद्धा टोचत नाही," ती म्हणाली. "मुरले बघ मी या धंद्यात."

थोरली पोट धरून हसली.

करंगळी वाकू लागली तेव्हा दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कापसाचे टोक चट्ट्यावर टेकवले. "डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा."

धाकटी वाट पाहत राहिली. कापूस केव्हाच तीनदा फिरून गेला होता. थोरलीने तो पाहिला.

"कुष्ठरोग आहे. बधिरपणा हीच खूण. गोळ्यांनी रोग जाईल. बोटांचं सांगता येत नाही. इतके दिवस काय करत होतात?"

"तेल लावत होते," थोरली म्हणाली.

घरी परतल्यावर तिला शिव्या हव्या होत्या. धाकटीने नुसती सुई पुढे केली. "दोरा ओवून दे, ताई. बाह्या राहिल्यात."

रोग गेला. दोन बोटे तळव्याकडे वळली ती तशीच राहिली. १९८८ साली धाकटीने शिवणकाम सोडले.