कमरेची डबी आणि डाव्या कुशीवरचे दिवस

“बाळ लहान आहे,” कोपरगावचे डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. “महिन्यांच्या मानानं फारच लहान आहे.”

मी सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी होते. पोटावर गार जेल लावलेलं. मला सातवा महिना सरत आला होता. डॉक्टर म्हणाले, याला आययूजीआर म्हणतात. म्हणजे पोटातल्या बाळाची वाढ व्हायला पाहिजे तेवढी होत नाही. माझं बीपी, म्हणजे रक्तदाबही वाढला होता. मग त्यांची नजर माझ्या परकराच्या नाडीला अडकवलेल्या काळ्या डबीवर गेली.

“हे काय?”

“मशीन हाय,” दारात उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. “ही किती चालती, किती हालती, ते मोजतंय.”

“काम फार करत असणार,” डॉक्टर म्हणाले. “आता सगळं बंद. पूर्ण रेस्ट. डाव्या कुशीवर पडून राहायचं.”

ते सहज बोलून गेले. पण मी टेबलावरून उतरले ती एकच गोष्ट मनात घेऊन. बाळ सुकलं ते माझ्यामुळं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमची वस्ती पुणतांब्यापासून थोडी आत, गोदावरीच्या अंगाला. घरचा ऊस आणि चार म्हशी. आमचे हे साखर कारखान्यात नोकरीला. लग्नाला बरीच वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती. त्यामुळं मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, सगळ्या वस्तीवर गूळ वाटला होता.

पाचव्या महिन्यात शहरातल्या मेडिकल कॉलेजच्या एक डॉक्टरबाई गावात आल्या. गरोदर बायकांची हालचाल मोजायचा त्यांचा अभ्यास होता. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी ती डबी. सकाळी उठल्यावर कमरेला लावायची, झोपताना काढायची, अंघोळीच्या वेळी बाजूला ठेवायची. आत हालचाल ओळखणारं यंत्र होतं.

“बायकांना विचारलं, दिवसभर काय केलं, तर म्हणतात काही नाही, घरचंच,” डॉक्टरबाई हसून म्हणाल्या होत्या. “म्हणून ही डबी.”

यंत्रात काय उणीव आहे तेही त्यांनी सांगितलं. खड्ड्यातून एसटी आदळली की ती हालचाल डबी माझीच धरते. आणि डोक्यावर वैरणीचा भारा असो की नसो, तिला दोन्ही सारखंच. मला त्या बाई आवडल्या. माझ्या कामाची कुणी अशी विचारपूस आधी केली नव्हती.

सोनोग्राफीनंतर मात्र घरात त्या डबीचं नाव काढायची सोय राहिली नाही.

“त्या डबीनंच लेकरू वाळलं,” आत्याबाई म्हणाल्या. “कमरंला मशीन बांधून कुनी पोरं जनल्यात का? काढ ती आन् दे फेकून.”

डॉक्टरबाई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यंत्रातून बाळाला काहीही जात नाही, असं त्यांनी परत परत सांगितलं. मग म्हणाल्या, “तरी तुमच्या मनात भीती असेल तर मी घेऊन जाते. काही सक्ती नाही.”

मीच म्हणाले, नेऊ नका.

मला ती डबी हवी होती. मी आता हलणार नव्हते. आणि मी हलत नाही, याला कुणीतरी साक्षी हवं होतं. उद्या काही झालं तर कुणी म्हणायला नको, की ही ऐकत नव्हती.

त्यानंतरचे दिवस मी खिडकीजवळच्या खाटेवर डाव्या कुशीवर काढले. समोर गोठ्याची भिंत दिसायची. उठायचं ते फक्त मोरीपुरतं. कूस बदलायची झाली तरी मला धाक वाटायचा. खांदा बधिर व्हायचा, मुंग्या यायच्या. बाळानं लाथ मारली की हायसं वाटायचं, आणि पुढची लाथ येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

माझं काम काही कुठं गेलं नव्हतं. ते सगळं थोरल्या जाऊबाईंवर पडलं. धारा, शेणकूर, वैरण, सगळ्यांच्या भाकरी. त्यांची स्वतःची दोन लेकरं. दुपारी त्या माझ्या उशाशी भिंतीला टेकून बसायच्या आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा.

एकदा मी म्हणाले, “जाऊबाई, तुमचे लई हाल व्हायलेत.”

“गप पड,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “तू फकस्त लेकरू सांभाळ. बाकीचं मी बघती.”

लेकरू सांभाळ. पण ते कसं सांभाळतात, हे मला कळत नव्हतं. हात लावता येत नाही, घास भरवता येत नाही. नुसतं न हलता पडायचं, एवढंच माझ्या हातात दिलं होतं. मी तेवढं केलं.

तपासण्या चालू होत्या. दर खेपेला डॉक्टर मोजायचे आणि म्हणायचे, “फारसा फरक नाही.” वेटिंगच्या बाकावर मोठाली पोटं घेऊन बसलेल्या बायका एकमेकींना डोहाळे विचारायच्या. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे.

एका दुपारी जेवण झालं आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून बाळ हललं नाही. मी गार पाणी प्यायले. उजव्या कुशीवर वळून पाहिलं. पोटावर थापट्या मारल्या. जाऊबाईंनी कान लावला. हे कारखान्यावरून जीप मागून घेऊन आले.

डॉक्टरांनी आधी पोटावर नळी लावून ऐकलं, मग सोनोग्राफीचा पडदा लावला. खूप वेळ पाहिलं.

“ठोके मिळत नाहीत,” ते म्हणाले.

मी विचारलं, “म्हणजे थोड्या वेळानं मिळतील?”

त्यांनी पडदा बंद केला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. बाळ पोटात गेलं तरी बाळंतपण चुकत नाही. सलाईनमधून कळा यायचं औषध देतात. कळा तशाच येतात. पलीकडच्या खोलीत एक बाळ जन्मलं आणि रडलं. माझं बाळ आलं तेव्हा खोलीत आवाज नव्हता.

“बघू नको,” आत्याबाई म्हणाल्या. “बघितलं तर जीव गुततो.” मी डोळे मिटून घेतले. माझ्यात तेव्हा विरोध करायची ताकद नव्हती. ह्यांनी बाळ नेलं आणि नदीकडच्या बांधाला मूठमाती दिली. परत आले, ते माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले. त्यांच्या नखांत माती होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई दवाखान्यात आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आठवड्याची नोंद उतरवायला त्या वस्तीवर गेल्या तेव्हा त्यांना कळलं; घरी राहिलेली डबी त्यांनी तिथंच वाचली होती.

“मी हलले न्हाई ना?” मी पहिलं तेच विचारलं.

“नाही गं. अजिबात नाही.”

“मग का गेलं?”

त्या माझ्याजवळ टेकल्या. म्हणाल्या, बाळाला रक्त पोचवणारी प्लासेंटा, म्हणजे वार, नीट काम करत नव्हती. तुझं बीपीही त्यातलंच. “तू काम केलंस म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. आणि पडून राहिलीस म्हणून ते टळणारही नव्हतं बहुतेक. खात्रीनं मला सांगता येत नाही.”

त्यांनी हे माझा दोष धुवायला सांगितलं, हे मला कळत होतं. पण मी त्या वेळी हंबरडा फोडला. चूक माझी असती तर पुढच्या वेळी ती टाळता आली असती. माझ्या हातात काहीच नव्हतं, हे त्याहून सोसायला जड होतं.

घरी आल्यावर पान्हा फुटला. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. चोळी भिजली आणि मी खाटेवर थिजून बसले. जाऊबाईंनी जुनं लुगडं फाडून माझी छाती घट्ट बांधली. बांधता बांधता त्यांचे हात थांबले.

“पोरगी हुती,” त्या हळूच म्हणाल्या. “म्या घेतली हुती मांडीवर. जावळ लई दाट. हनुवटी तुझ्यावानी.”

त्याआधी मला कुणी मुलगा की मुलगी, हेसुद्धा सांगितलं नव्हतं.

मला पुढं मूल झालं नाही. आत्याबाई शेवटपर्यंत डबीलाच दोष देत राहिल्या. मी वाद घातला नाही, त्यांनाही काहीतरी धरायला हवं होतं. देवाची मर्जी, वेळ सगळं भरून काढते, असं मला खूप जणांनी सांगितलं. माझं तरी भरून निघालं नाही. त्यासकट जगता येतं, एवढंच मी सांगू शकते.

आजही आसपास कुणा बाईचं असं झालं की मी जाते. बायका तिला विचारत असतात, काय खाल्लं होतंस, काय उचललं होतंस, कुठं गेली होतीस. त्या उठून जाईपर्यंत मी थांबते. मग तिच्याजवळ सरकून विचारते, “मुलगा हुता का मुलगी? दिसायला कुनावानी हुतं?”